जिमी होगन : परमुलखात मानला गेलेला मास्तर

आमचे वडील बडोद्याच्या दरबारचे गवई. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते, त्यामुळे दरबारची नोकरी त्यांना चारदोन वर्षेच लाभली. पण ते शेवटपर्यंत दरबारी गवईच राहिले. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. मला त्यांनी सहाव्या वर्षी तानपुऱ्यापुढे बसविले. पंचमावरून वर चढताना माझा स्वर हटकून उतरे. "असे का होते?" म्हणून मी विचारी, आणि तानपुऱ्यावरची बोटे न थांबविता ते म्हणत, "पुन्हा घे." पुन्हा घेतले की स्वर पुन्हा उतरे. त्यांच्या स्वतःच्या गळ्याला तो स्वर कधी उतरल्याचे ठाऊकच नव्हते, मग तो का उतरतो हे त्यांनी तरी कसे सांगावे?

पुढे मी गवई झालो नाही, गायनमास्तर झालो. "वडिलांचा गळा नाही हो आला याच्यात," असे जाणकार मंडळी माझ्या देखत म्हणतात, आणि ते खरेही आहे. एरवी फुटबॉलशी माझा संबंध शाळेच्या मैदानापलीकडून ऐकू येणाऱ्या आरडाओरड्यापुरताच. परंतु आमच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी एकदा मधल्या सुटीत मला एका इंग्रज खेळाडूची हकीगत सांगितली, आणि ती माझ्या मनातून जाईना. मग मिळेल तेथून त्याच्याविषयी वाचीत गेलो. त्याचे नाव जिमी होगन. खेळाडू म्हणून तो बेताचा होता, पण मध्य युरोपातल्या तीन देशांनी त्याला आपला गुरू मानले. वाचकांना त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

दहातला एक

होगनचा जन्म १६ ऑक्टोबर १८८२ रोजी लँकेशायरमधल्या नेल्सन या गिरणगावचा. घराणे आयरिश कॅथलिक. मुलाने धर्मगुरू व्हावे ही वडिलांची इच्छा, म्हणून त्याला मँचेस्टरच्या सेंट बीड्स या विद्यालयात ठेवले. पण पोराचे चित्त चेंडूत. १९०३ च्या सुमारास तो बर्नलीच्या संघात आघाडीला खेळू लागला.

तेथे एका सामन्यात त्याने चेंडू मोठ्या शिताफीने पुढे नेला आणि गोलाच्या तोंडाशी जाऊन असा काही मारला की तो आडव्या दांडीवरून पलीकडे गेला. सामना झाल्यावर त्याने व्यवस्थापकाला विचारले, "माझे काय चुकले? पाय चुकीच्या जागी पडला, की तोल गेला?" उत्तर आले ते असे : तू मारीत राहा, दहातला एक आत गेला तरी पुष्कळ.

होगन म्हणे की, त्याच दिवसापासून आपण प्रत्येक गोष्टीचे कारण शोधू लागलो. त्याच्या पुढच्या सत्तर वर्षांचा उगम या एका प्रसंगात आहे. उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता. त्या काळच्या इंग्लंडात तीच रीत होती. खेळाडू उपजत असतो, त्याला शिकवायचे ते काय, असा सर्वांचा समज. आठवडाभर मैदानाभोवती धावण्याचा सराव चाले. चेंडू मात्र क्वचितच हाती, म्हणजे पायी, देत. आठवडाभर चेंडूची भूक राहिली की शनिवारी खेळाडू त्यावर तुटून पडेल असा हिशेब! गवयाला सहा दिवस दंडबैठका काढायला लावून सातव्या दिवशी मैफलीला बसवावे, तसलाच हा प्रकार.

१९०५ साली होगन लंडनच्या फुलहॅम संघात गेला. तेथले व्यवस्थापक हॅरी ब्रॅडशॉ स्कॉटिश पद्धतीचे अभिमानी होते. फुटबॉलमध्येही घराणी आहेत, ती अशी. इंग्रजी घराण्याचा भर ताकदीवर आणि लांब पल्ल्याच्या फटक्यावर. स्कॉटिश घराण्यात चेंडू जमिनीलगत ठेवून आखूड फेकीने एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे विणकाम चाले. होगनला हे घराणे मानवले. फुलहॅमने १९०६ आणि १९०७ अशी लागोपाठ दोन वर्षे सदर्न लीग जिंकली आणि १९०८ साली एफ. ए. कपाची उपांत्य फेरीही गाठली. तेथे न्यूकॅसलने त्यांना सहा गोलांनी लोळविले ती गोष्ट वेगळी. मग होगन बोल्टनला गेला. चांगला, कसबी, कष्टाळू खेळाडू अशी त्याची ख्याती. थोर म्हणावे असे त्याच्या हातून काही घडले नाही.

हॉलंड आणि व्हिएन्ना

बोल्टनचा संघ एकदा हॉलंडच्या दौऱ्यावर गेला आणि डॉर्ड्रेक्ट येथील हौशी संघाला त्याने दहा गोलांनी हरविले. अशा विजयानंतर खेळाडू हसतखिदळत परत येतात. होगनला मात्र त्या डच पोरांची कीव आली, आणि या मुलांना नीट खेळायला शिकवायला मी परत येईन असे तो बोलून गेला. जेम्स हाउक्रॉफ्ट या पंचाच्या ओळखीने १९१० मध्ये तो खरोखरच डॉर्ड्रेक्टला शिक्षक म्हणून रुजू झाला. वय तेव्हा सत्तावीस. ती मुले हौशी होती, त्यांत विद्यार्थी पुष्कळ. ती प्रश्न विचारीत. आपल्याला ज्याचे उत्तर मिळाले नव्हते तो प्रश्न विचारणारी पोरे त्याला प्रथमच भेटली. त्याच साली हॉलंडच्या राष्ट्रीय संघाला त्याने तयार केले आणि त्या संघाने जर्मनीला २-१ असे हरविले.

व्हिएन्नाचे ह्यूगो माइस्ल हे ऑस्ट्रियन फुटबॉलचे सर्वेसर्वा. आपला संघ कमी कोठे पडतो असे त्यांनी हाउक्रॉफ्टना विचारले, तेव्हा त्यांनी होगनचे नाव सुचविले. १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकच्या तयारीसाठी होगन सहा आठवड्यांकरिता व्हिएन्नाला आला. पहिला दिवस फसला! हा मनुष्य आम्हांला बाराखडीच शिकवितो अशी खेळाडूंची तक्रार, आणि त्याची भाषाही त्यांना कळेना. मग होगन आणि माइस्ल बसले, खूप बोलले, आणि सरावाची रीत बदलली. बाराखडी राहिली, पण ती चेंडूच्या संगतीने. चेंडू कसा झेलून मुठीत ठेवल्यासारखा पायाशी ठेवावा, मान वर ठेवून सोबती कोठे आहे ते कसे पाहावे, चेंडू देऊन झाल्यावर उभे न राहता मोकळ्या जागी कसे सरकावे, हे सारे तो स्वतः करून दाखवी. त्या ऑलिंपिकात ऑस्ट्रियाने जर्मनीला ५-१ असे धूळ चारली.

कैदेतला मास्तर

१९१६ चे ऑलिंपिक बर्लिनला व्हायचे होते. त्यासाठी ऑस्ट्रियाचा संघ घडविण्याकरिता होगन १९१४ साली बायकामुलांसह व्हिएन्नाला येऊन राहिला. काही महिन्यांतच महायुद्ध पेटले. घाबरायचे कारण नाही, असे इंग्रज वकिलातीने त्याला सांगितले होते. पण युद्ध जाहीर होताच शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला पकडून तुरुंगात टाकण्यात आले. बायकामुले पुढे इंग्लंडला परतली. व्हिएन्नातील ब्लाइथ नावाच्या दोघा इंग्रज व्यापारी बंधूंनी त्याला जामीन राहून सोडविले, आणि युरोपचा हा भावी गुरू सुमारे दीड वर्ष त्यांच्या घरी पडेल ते काम करीत आणि त्यांच्या मुलांना टेनिस शिकवीत राहिला.

तेथून त्याला बाहेर काढले ते हंगेरीच्या बॅरन दिर्स्ताय यांनी. केंब्रिजला शिकलेले हे गृहस्थ बुडापेस्टच्या एम. टी. के. या क्लबाचे उपाध्यक्ष. आपले वजन खर्चून त्यांनी होगनला बुडापेस्टला आणविले. पोलिसांकडे नेमाने हजेरी लावायची आणि उरलेल्या वेळात फुटबॉल शिकवायचा अशी ही नोकरी! एम. टी. के. चे बहुतेक नामांकित खेळाडू लढाईवर गेलेले. हाताशी उरली ती मिसरूडही न फुटलेली पोरे. बागेत चेंडू खेळणाऱ्या पोरांतून होगनने दोघे वेचले, ऑर्थ आणि ब्राउन. ती माझी, माझ्या स्वतःची मुले आहेत, असे तो पुढे म्हाताऱ्या वयातही अभिमानाने सांगे. दोघेही हंगेरीचे थोर खेळाडू झाले. १९१६-१७ पासून १९२४-२५ पर्यंत सलग नऊ वेळा एम. टी. के. ने हंगेरीचे अजिंक्यपद मिळविले. त्यांतल्या पहिल्या दोन वर्षांपुरताच होगन तेथे होता. बाकीची वर्षे त्याने घालून दिलेली पद्धत खेळत होती.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपल्याच शहरात १८८६ साली मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढली आणि स्वरलिपी बसविली. स्वतः नाणावलेले गवई, पण त्यांनी वर्ग घेतले, फळ्यापुढे उभे राहिले. गाणे असे शिकवून का येते, असे म्हणणारे आजही भेटतात. मैफलीत एक गवई दिपवून जातो आणि त्याच्याबरोबर ती मैफल संपते. पद्धत मात्र मास्तर दुसऱ्या गावी गेल्यावरही शिष्यांच्या अंगात चालू राहते. बुडापेस्टला होगनच्या माघारी जे घडले ते यापेक्षा निराळे नव्हते.

तीन जोड मोजे

युद्ध संपले. होगन घरी परतला तो फाटक्या खिशाने. युद्धामुळे ज्यांचे हाल झाले अशा धंदेवाईक खेळाडूंसाठी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेकडे मदतनिधी आहे असे त्याला कळले. प्रवासापुरते पाच पौंड उसने घेऊन तो लंडनला गेला आणि संघटनेचे चिटणीस फ्रेडरिक वॉल यांना भेटला. त्याला मिळाले ते तीन जोड खाकी मोजे. वर आघाडीवरच्या आमच्या जवानांना हे मोठे आवडत, अशी मल्लिनाथी! तू शत्रूच्या मुलखात बसून खेळ शिकवीत होतास, याचा तो टोमणा होता. तुरुंग आणि पोलिसांची हजेरी यांची दखलही कोणी घेतली नाही. ही हकीगत होगन स्वतः सांगत असे, आणि ते मोजे तो जन्मभर विसरला नाही.

त्यानंतर तो पुन्हा बाहेर पडला. स्वित्झर्लंडमध्ये बर्न आणि लोझान, मग १९२५ मध्ये पुन्हा बुडापेस्ट, मग जर्मनीत ड्रेस्डेन. ड्रेस्डेनची एक गोष्ट फार गमतीची आहे. जर्मनीत व्याख्याने द्यायची तर जर्मन भाषा नीट येते हे दाखवावे लागे. होगनचे जर्मन यथातथाच. भर सभेत, फुटबॉल हा नुसत्या शरीराचा खेळ नसून बुद्धीचा आहे, असे सांगताना 'बुद्धी'च्या जागी त्याच्या तोंडून 'कमिटी' असा शब्द गेला आणि सभागृह हसू लागले. होगनने दहा मिनिटांची सुटी मागितली. परत आला तो बोल्टनचा जुना खेळाचा पोशाख चढवून. जर्मनीतल्या चारांतल्या तिघा खेळाडूंना चेंडू नीट मारताच येत नाही, असे म्हणून त्याने सर्वांदेखत बूट काढले, मोजेही काढले आणि अनवाणी पायाने पंधरा यार्डांवरच्या लाकडी तक्त्यावर चेंडू हाणला, आधी एका पायाने, मग दुसऱ्याने. तक्त्याचे दोन तुकडे झाले असे सांगतात. आपल्याकडे अनवाणी फुटबॉलचे कोणास नवल नाही. १९११ साली ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानचे खेळाडू बहुतेक अनवाणीच होते. पण ड्रेस्डेनच्या मंडळींना तो साक्षात्कार होता. शिष्याची भाषा आपल्याला येत नसली तर गुरूने गाऊन दाखवावे, हा धडा मात्र आम्हां गायनमास्तरांनाही घेण्यासारखा आहे. पुढे पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक म्हणून नावारूपास आलेले हेल्मुट श्योन हे ड्रेस्डेनमधले त्याचेच शिष्य.

तिशीच्या दशकात माइस्लनी त्याला पुन्हा बोलाविले. ऑस्ट्रियाच्या 'अद्भुत संघा'चा तो काळ. ७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनला इंग्लंडविरुद्ध तो संघ ४-३ असा हरला खरा, पण त्याच्या खेळाने इंग्रज चकित झाले. त्या संघाची तयारी इंग्रजानेच करून घेतली होती.

मग १९३४ मध्ये फुलहॅमने त्याला व्यवस्थापक नेमले. घरी परतलेल्या मास्तराला आता तरी मान मिळेल असे वाटावे. परंतु अनुभवी खेळाडूंना शिकवायचे काय, ही जुनी समजूत तशीच होती. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन तो इस्पितळात पडलेला असतानाच त्याला काढून टाकण्यात आले. तो उठून ऑस्ट्रियाला गेला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकात ऑस्ट्रियाच्या हौशी संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. इटलीने तो सामना २-१ असा जिंकला, तरी रौप्यपदक आले. मायदेशी त्याला खरे यश दिले ते ॲस्टन व्हिला क्लबाने. दुसऱ्या श्रेणीत घसरलेला तो संघ त्याच्या हाताखाली १९३८ साली पहिल्या श्रेणीत परतला. वर्षभरातच दुसरे महायुद्ध आले आणि तेही काम अर्धवट राहिले.

तीन मात्रांचा ठेका

दुसऱ्या युद्धानंतर, पासष्टी उलटलेला होगन ग्लासगोच्या सेल्टिक क्लबात शिकवू लागला. तेथे टॉमी डोकर्टी नावाचा एक तरुण खेळाडू होता. तो पुढे स्वतः मोठा प्रशिक्षक झाला. त्याने आठवण सांगितली आहे की, होगन म्हणत, फुटबॉल हा व्हिएन्नाच्या वॉल्ट्झ नाचासारखा आहे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, चेंडू द्या, सरका, पुन्हा द्या.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. वॉल्ट्झचा ठेका तीन मात्रांचा. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रांतही तीन-तीनचीच खेप. ज्या शहरात होगनने पहिल्यांदा हार खाल्ली, जेथून त्याला तुरुंगात नेले, त्या शहराची लय त्याने उचलली आणि आपली सगळी विद्या तिच्यात बसविली. पहिली मात्रा चेंडू देण्याची, दुसरी सरकण्याची, तिसरी पुन्हा देण्याची. इंग्रज खेळाडू दिल्यावर उभा राही, म्हणजे दुसरी मात्रा गाळी. आणि मात्रा गळली की सम चुकणारच. खेळाडूने नुसते पळू नये, लयीत पळावे. मुले समेवर का येत नाहीत याचा विचार करता करता मी जे मोठ्या कष्टाने शिकलो, ते या माणसाने गाण्याचा गंध नसताना मैदानावर ओळखले होते.

वेम्ब्ली, २५ नोव्हेंबर १९५३

ज्यांनी हा सामना ऐकला वा वाचला असेल त्यांना निकाल सांगायला नको. इंग्लंडला त्यांच्या भूमीवर युरोप खंडातल्या संघाने कधी हरविले नव्हते. लाखावर प्रेक्षक जमले होते. पहिल्या मिनिटातच हिदेगकुटीने गोल केला. तो, पुश्काश, बोझिक यांनी चेंडू असा काही खेळविला की इंग्रज बचाव नुसता भोवऱ्यासारखा फिरत राहिला. हंगेरी सहा, इंग्लंड तीन. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला तर ७-१. चेंडू द्या, सरका, पुन्हा द्या. तेच विणकाम, पण आता कसलेल्या हातांचे. अर्थात श्रेय एकट्या होगनचे नव्हे. त्याच्या आधी जॉन रॉबर्टसन या स्कॉटिश गृहस्थाने एम. टी. के. मध्ये तीच पद्धत रुजविली होती. नंतर हंगेरियनांनी तिच्यात आपल्या कित्येक जागा घातल्या. घराणे असेच वाढते.

पण सामना संपल्यावर हंगेरियन संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च यांना या खेळाचे गुपित विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की आम्हांला फुटबॉलमध्ये जे येते ते सारे जिमी होगनने शिकविले. त्यांचे प्रशिक्षक गुस्ताव शेबेश म्हणाले, आमच्या फुटबॉलचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा होगनचे नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहावे लागेल.

इंग्लंडात कित्येकांनी, हा होगन कोण, असे विचारले. काहींनी त्याला फितूर ठरविले. आणि तो होता कोठे? त्याच मैदानावर, प्रेक्षकांत. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा ॲस्टन व्हिलाच्या पोरांना घेऊन सामना दाखवायला आला होता. समोर त्याचा देश हरत होता आणि त्याची विद्या जिंकत होती. त्या दीड तासात त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. माझ्यापुरते सांगतो : एकदा माझ्या एका विद्यार्थिनीने मैफलीत, वडिलांच्या गळ्यातला म्हणून आमच्या घरात जपलेला एक पलटा, माझ्यापेक्षा कितीतरी सुरेख घेतला. लोकांनी टाळ्या वाजविल्या आणि तिची तालीम कोणाकडे झाली हे कोणी विचारले नाही. मला वाईट वाटले, आणि त्याच क्षणी डोळे भरून आले ते वाईट वाटून नव्हे. शेवटच्या रांगेत बसलेल्या मास्तराला दोन्ही वाटू शकते.

होगन ३० जानेवारी १९७४ रोजी बर्नली येथे वारला. वय एक्याण्णव. जर्मन फुटबॉल संघटनेच्या चिटणीसांनी त्याच्या मुलाला पत्र लिहिले की, आमच्या देशातल्या आधुनिक फुटबॉलचा पाया तुमच्या वडिलांनी घातला. त्याच वर्षी जुलैत म्युनिकला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला हॉलंड, जेथे त्याने १९१० साली शिकवायला सुरुवात केली होती. दुसऱ्या बाजूला पश्चिम जर्मनी, आणि तिचा प्रशिक्षक ड्रेस्डेनचा त्याचा शिष्य हेल्मुट श्योन. जर्मनीने तो सामना २-१ असा जिंकला. होगन असता तर कोणाकडून बसला असता कोण जाणे.

असो. गेल्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका दहा वर्षांच्या मुलाचा स्वर पंचमावरून वर जाताना उतरला. "सर, असे का होते?" त्याने विचारले. "पुन्हा घे" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळले, तानपुरा बाजूला ठेवला आणि म्हणालो, "थांब, श्वास कोठे घेतोस ते आधी पाहू."